विकू नये, विकत घेऊ नये: जुन्या दुधाच्या बाटल्यांचा संग्रह आणि त्याची विक्री

प्लेन्सबरोकर

माझ्याजवळ काचेच्या जुन्या दुधाच्या १८६ बाटल्या आहेत. पुढच्या वर्षी आम्ही उभयता कायमचे पुण्याला परतणार आहोत आणि तेथील घरात या बाटल्या मावणार नाहीत, ही गोष्ट पत्नीने फार पूर्वी आणि मी गेल्या महिन्यात मान्य केली. त्यांतल्या बहुतेक विकायच्या असल्यामुळे जाणकारांचा सल्ला घ्यावा, आणि १७ वर्षांत मला जे थोडेफार कळले ते एका जागी लिहून ठेवावे, अशा दुहेरी हेतूने हा धागा काढत आहे.

न्यू जर्सीतले आमचे प्लेन्सबरो हे गाव आज भारतीय वस्तीसाठी ओळखले जाते, परंतु १९७१ पर्यंत त्याची ओळख वॉकर-गॉर्डन या डेअरीची होती. हार्वर्डचे बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉच यांच्या कल्पनेवरून, तान्ह्या मुलांसाठी वैद्यकीय सूचनेप्रमाणे दूध तयार करून देणारी प्रयोगशाळा म्हणून ही संस्था १८९१ साली बॉस्टनमध्ये सुरू झाली आणि पुढे तिचा मोठा गोठा आमच्या गावात उभा राहिला. येथे १९३० साली रोटोलॅक्टर नावाचे यंत्र बसवले गेले. त्याच्या फिरत्या चौथऱ्यावर एका वेळी ५० गाई उभ्या राहत आणि सुमारे साडेबारा मिनिटांचा एक फेरा पुरा होईपर्यंत प्रत्येकीचे दूध काढून झालेले असे. बोर्डेन कंपनीच्या जाहिरातींतली प्रसिद्ध एल्सी गाय याच गोठ्यात राहत असे. १९४१ साली ती गेली आणि तिच्या नावाचा दगड आजही गावात आहे. ज्या जमिनीवर हा गोठा होता तेथे आता घरे आहेत, आणि त्या घरांच्या वसाहतीला डेअरीचेच नाव आहे.

वॉकर-गॉर्डनची बाटली मला एका गॅरेज सेलमध्ये २ डॉलरला मिळाली. विकणाऱ्या आजीबाई तिच्यात सुटी बटणे ठेवत असत. परंतु या नादाला मला लावले ते त्यानंतर घेतलेल्या दुसऱ्या बाटलीने. तिच्या पोटावर उठावाच्या अक्षरांत असे लिहिले होते, की ही बाटली धुऊन परत करावी, ती विकू नये आणि विकत घेऊ नये. ती मी नुकतीच ६ डॉलर मोजून विकत घेतली होती.

त्या मजकुरामागे पक्का हिशेब होता. दूध ग्राहकाचे आणि बाटली डेअरीची, असा तो व्यवहार असे, आणि बाटली पुष्कळ फेऱ्या करून परत येत राहिली तरच धंदा परवडत असे. गृहिणी बाटल्यांत रॉकेल नाहीतर मुरंबे भरून ठेवत, तर काही डेअरीवाले दुसऱ्याच्या बाटलीत आपले दूध भरून मोकळे होत. न्यूयॉर्कमध्ये यावर उपाय म्हणून डेअऱ्या आपले नाव सरकारदरबारी नोंदवून बाटलीवर ‘रजिस्टर्ड’ असा शब्द उमटवत, आणि मोठ्या शहरांत भरकटलेल्या बाटल्या गोळा करून ज्याच्या त्याला पोचवणाऱ्या संस्था चालत असत. दुकानातून दूध नेणाऱ्या ग्राहकासाठी अनामतीचा ३ किंवा ५ सेंटचा आकडा काचेतच ओतलेला असे. म्हणजे आज आपण जिला संग्राह्य म्हणतो ती बाटली बहुतेक वेळा कोणीतरी परत न केलेली बाटली असते, आणि दुधाच्या बाटल्यांचा बाजार समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात घ्यावे लागते. नावाची बाटली नावाच्या गावाभोवतीच फिरत राहिली. म्हणून आजही तिला खरे गिऱ्हाईक मिळते ते त्या गावात किंवा त्या गावातून उठून गेलेल्या माणसांत.

काचेच्या बाटलीपूर्वी अमेरिकेतही दूधवाला मोठ्या कॅनमधून माप बुडवून गिऱ्हाइकाच्या भांड्यात दूध ओतत असे, अगदी आपल्या रतीबवाल्यासारखे. न्यूयॉर्क राज्यातील पॉट्सडॅम येथील हर्वी थॅचर यांनी १८८४ साली काचेची झाकणबंद बाटली पुढे आणली. एका लहान मुलीची मळकी बाहुली दुधाच्या कॅनमध्ये पडलेली पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, विक्रेते ती सांगितल्याशिवाय राहत नाहीत. १८८९ साली बार्नहार्ट यांचे पेटंट आले, ज्यात बाटलीच्या तोंडाच्या आतल्या कंगोऱ्यावर पुठ्ठ्याची चकती बसत असे, आणि हीच रचना पुढे अनेक दशके टिकली. १९०३ नंतर मायकल ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्राने काचकामाचे चित्र पालटले. १९३०च्या दशकात उठावाच्या अक्षरांच्या जागी रंगीत, भट्टीत भाजून पक्की केलेली अक्षरे आली, १९४०च्या दशकात गोल बाटल्यांच्या जोडीला शीतकपाटात कमी जागा अडवणाऱ्या चौकोनी बाटल्या आल्या, आणि मग पुठ्ठ्याच्या व प्लास्टिकच्या डब्यांनी हा सगळा व्यवहारच आवरता घेतला.

माझ्या संग्रहात ११२ बाटल्या न्यू जर्सीतल्या लहान डेअऱ्यांच्या आहेत, ४० च्या आसपास पेनसिल्व्हेनियाच्या, आणि उरलेल्या कोठकोठल्या. क्वार्ट (जवळजवळ एक लिटर), पिंट (त्याच्या निम्मा), अर्धा पिंट आणि पाव पिंट अशी चारही मापे आहेत. एका व्यापाऱ्याने सगळ्या मिळून १,१०० डॉलर देऊ केले आहेत. ते स्वीकारावे, की एकेक विकत बसावे?

माजघर

प्लेन्सबरोकर, आपण सविस्तर लिहिलेत म्हणून मीही सविस्तर लिहिते. मी पेनसिल्व्हेनियात राहते आणि गेली ९ वर्षे जुन्या बाटल्या व डेअरीच्या इतर वस्तू विकते. सरसकट घाऊक भाव घेऊ नका. व्यापारी आपल्याला बाटलीमागे ६ डॉलरही देत नाही, आणि त्याला हवी असलेली २०-२५ बाटल्यांची चळत त्याने मनात आधीच बाजूला काढलेली असणार.

सर्वप्रथम सगळ्या बाटल्यांची गावानुसार विभागणी करा. मापानुसार किंवा दिसण्यानुसार करू नका. ज्या डेअरीच्या बाटल्या हजारोंनी उरल्या आहेत, म्हणजे अनेक राज्यांत पसरलेल्या मोठ्या कंपन्यांच्या, त्यांना फारसा भाव येत नाही, मग त्या कितीही देखण्या असोत. याउलट एका खेड्यात चार गाईंवर आठ-दहा वर्षे चाललेल्या डेअरीची, एका रंगाच्या साध्या अक्षरांची बाटली त्या गावच्या संग्राहकाकडे नसेल, तर तो तिच्यासाठी शेजारच्या राज्यातून गाडी हाकत येतो. मी स्वतः अशी एक क्वार्ट १४० डॉलरला विकली आहे आणि त्याच आठवड्यात तिच्याहून जुनी, उठावाच्या सुंदर अक्षरांची क्वार्ट १२ डॉलरला दिली आहे.

गावाच्या खालोखाल चित्राला आणि घोषवाक्याला महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, युद्धरोखे विकत घ्या असे सांगणाऱ्या किंवा विमाने व रणगाडे दाखवणाऱ्या बाटल्यांना दुधाच्या बाटल्या जमवणाऱ्यांखेरीज युद्धसाहित्य जमवणारेही गिऱ्हाईक असतात. दोन रंगांची छपाई एका रंगापेक्षा वरचढ धरतात. मानेवर बाळाचा चेहरा असलेल्या, १९३६ नंतर पेनसिल्व्हेनियातून पसरलेल्या ‘बेबी टॉप’ बाटल्या आपल्याजवळ असतील, तर त्या वेगळ्या ठेवा. मानेपाशी फुगवटा असलेली ‘क्रीम टॉप’ हीसुद्धा मागणीतली आहे, कारण ती का बनली हे आजच्या माणसाला समजावून सांगावे लागते. दूध एकजीव केलेले नसे, साय वर येऊन त्या फुगवट्यात जमे, आणि खास वाकड्या चमच्याने मान बंद करून ती अलगद ओतून घेता येई. एकजीव दूध सर्वत्र झाल्यावर फुगवट्याचे प्रयोजन संपले.

भाव ठरवताना ईबेवर लोकांनी मागितलेल्या किमती पाहू नका. विक्री पूर्ण झालेल्या वस्तू वेगळ्या पाहण्याची सोय तेथे आहे, ती वापरा. मागणाऱ्याचे तोंड कोणी धरत नाही.

अर्धापाव

विषयाची काहीच माहिती नसताना विचारतो. गुंतवणूक म्हणून आज या बाटल्या घ्याव्यात का?

माजघर

घेऊ नयेत. ज्यांना बालपणी दारात बाटली आलेली आठवते, ती पिढी या बाजाराचा कणा होती आणि ती आता संग्रह घेण्याऐवजी विकते आहे. माझ्या पाहण्यातील साध्या बाटल्यांचे भाव ९ वर्षांत वाढलेले नाहीत.

खडीसाखर

माझा विषय काच आहे, म्हणून साफसफाईबद्दल लिहितो. विक्रीपूर्वी बाटल्या चकचकीत करण्याच्या उत्साहात त्या बिघडवल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

रंगीत अक्षरांची बाटली भांडी धुण्याच्या यंत्रात कदापि घालू नये. ती अक्षरे म्हणजे काचेवर वितळवून बसवलेला एक मऊ काचेचाच थर असतो. यंत्रात वापरली जाणारी पावडर तीव्र अल्कधर्मी असते आणि गरम पाण्यात ती हा थर खाते. लाल रंगाचा गुलाबी आणि निळ्याचा राखाडी झालेला आपण पाहिला असेल, त्यातील कित्येक वेळा दोष काळाचा नसून धुणाऱ्याचा असतो. कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य द्रव साबण आणि मऊ ब्रश एवढे पुरते. आत दुधाचा चुनखडीसारखा थर बसला असेल तर पांढरे व्हिनेगर रात्रभर भरून ठेवावे.

जमिनीत पुरलेली बाटली काढली असता काचेवर जी धूसर, कधी इंद्रधनुषी झाक दिसते ती मळाची नसते. ओलाव्याने काचेतील सोडियम झिरपून गेलेले असते आणि पृष्ठभागाची रचनाच बदललेली असते, त्यामुळे ती कोणत्याही रसायनाने धुऊन जात नाही. काही जण तांब्याचे बारीक तुकडे आणि पॉलिशची पूड घालून बाटली यंत्रावर दिवसचे दिवस फिरवतात. त्याने पृष्ठभाग घासून निघतो आणि चमक येते, परंतु अक्षरांच्या कडाही बोथट होतात. असे केले असेल तर गिऱ्हाइकाला सांगणे आवश्यक आहे. काही जण आतून तेलाचे बोट फिरवून ती झाक तात्पुरती लपवतात, त्याला मी लबाडीच म्हणेन.

जांभळ्या बाटल्यांबद्दलही एक सूचना करतो. जुन्या काचेत हिरवट छटा घालवण्यासाठी मँगनीज वापरत, आणि अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली तर फिकट जांभळी होते. हा नैसर्गिक रंग अत्तरासारखा हलका असतो. गडद वांग्याच्या रंगाची बाटली दिसली, तर तिच्यावर कृत्रिम किरणोत्साराचा प्रयोग झाला असण्याची शक्यता मोठी आहे. अशा बाटलीला काही विक्रेते दुर्मीळ म्हणतात. जाणता संग्राहक तिला खराब केलेली बाटली म्हणतो.

प्लेन्सबरोकर

खडीसाखर, आपले आभार. माझ्या ५-६ बाटल्यांवरील गुलाबी अक्षरांचा दोषी याच घरात राहतो आणि तो हा प्रतिसाद लिहीत आहे.

माजघर, आपल्या सांगण्यावरून गेल्या शनिवार-रविवारी बाटल्या गावानुसार मांडल्या. ६१ गावे निघाली. काळ ठरवताना तळ पाहत होतो. ओवेन्स-इलिनॉय कंपनीच्या बाटल्यांवर हिऱ्याच्या आकारावर लंबगोल आणि मध्ये I असे चिन्ह असते, त्याच्या डावीकडे कारखान्याचा आणि उजवीकडे वर्षाचा आकडा असतो. त्यानुसार एका बाटलीवर ३ हा आकडा असल्याने तिचे वर्ष मी १९३३ लिहिले आहे.

माजघर

तेथेच थांबा. एकच आकडा असेल तर तो १९३३ चाही असू शकतो आणि १९४३ चाही. त्या बाटलीवर वळणदार अक्षरांत ‘ड्युराग्लास’ असा शब्द असेल तर ती १९४० नंतरचीच, कारण ते नाव त्या वर्षी आले. तो शब्द नसेल तर केवळ तेवढ्यावरून काही ठरत नाही; अक्षरे उठावाची की रंगाची, बाटली गोल की चौकोनी, डेअरी कोणत्या वर्षी चालू होती, हे जुळवून पाहावे लागते. डेअरीचा टेलिफोन क्रमांक छापलेला असेल तर तो किती आकडी आहे यावरूनही अंदाज बांधता येतो. जेथे खात्री नाही तेथे वर्णनात एकच वर्ष न लिहिता दशक लिहा. ग्राहक त्यामुळे पळून जात नाही, उलट विश्वासाने पुढची बाटली घेतो.

बनावट मालाबद्दलही लिहिते. थॅचरच्या मूळ बाटलीवर गाईचे दूध काढणाऱ्या माणसाचे चित्र आणि दूध शुद्ध असल्याची ग्वाही आहे. त्या बाटलीच्या नकला शोभेच्या वस्तू म्हणून भरपूर निघाल्या, निळ्या आणि जांभळ्या काचेतही निघाल्या, आणि दर आठवड्याला कोणीतरी आजोबांच्या माळ्यावर सापडलेली म्हणून ती विकायला काढतो. गडद निळ्या काचेची दुधाची बाटली दिसली की आधी संशय घ्यावा. अस्सल वापरलेल्या बाटलीच्या पोटाभोवती, सर्वांत फुगीर भागावर, एक पांढरट खरखरीत पट्टा असतो. क्रेटमध्ये शेजारच्या बाटलीशी घासून तो पडलेला असतो. नकलेला हा पट्टा नसतो किंवा सँडपेपरने घातलेला, चुकीच्या उंचीवर असतो. संग्राहक घासण्याला दोष मानतात खरे, पण अजिबात न घासलेली बाटली पाहून मला आधी दचकायला होते.

पेणकर

मुंबईचा आहे, त्यामुळे क्वार्ट आणि पिंट मला कळत नाहीत. अर्धा लिटर कळतो. १९७४ ते १९७६ या काळात महाविद्यालयात शिकत असताना मी पहाटे आरेच्या दूधकेंद्रावर काम करत असे. त्या काळी अनेक गरजू विद्यार्थ्यांना ते काम मिळे. आपण परत करण्याच्या व्यवहाराबद्दल लिहिलेत, त्याचे आमच्याकडचे रूप सांगतो.

शहरातले म्हशींचे गोठे उपनगरात हलवून शहराला सरकारी दूध पुरवण्याची ही योजना दुग्धआयुक्त दारा खुरोडी यांच्या हाताखाली आकाराला आली. गोरेगावच्या आरे दुग्धवसाहतीचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९५१ साली झाले, आणि १९६३ साली खुरोडी यांना त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि सायविरहित दुधाची पूड मिसळून स्वस्त ‘टोन्ड’ दूध तयार करण्याची पद्धतही त्यांच्याच प्रयत्नांनी रुजली. केंद्रावर आम्ही पाहत होतो ते या सगळ्याचे शेवटचे टोक. अंधारात ट्रक येई, लोखंडी क्रेटचा खणखणाट होई, आणि कार्डे व रिकाम्या बाटल्या घेऊन रांग उभी असे.

रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. मळकी बाटली आणली तर आम्ही परत पाठवत असू, आणि टवका उडालेली आणली तर वाद होई. त्यामुळे घरातली बाटली फुटणे ही साधी बाब नव्हती. ज्याच्या हातून फुटली त्याला आधी शिव्या मिळत आणि नंतर रांगेत ओशाळवाणे उभे राहावे लागे. आपल्याकडे त्या बाटल्या आज जवळजवळ दिसत नाहीत, याचे कारण मला तरी हेच वाटते. अमेरिकेतल्या गृहिणीला बाटली ठेवून घेणे परवडत होते. आमच्या चाळीत बाटली ठेवून घेतली तर दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर दूध कमी. प्लास्टिकच्या पिशव्या आल्या तेव्हा उरलेल्या बाटल्याही घरात राहिल्या नाहीत. पातळ ॲल्युमिनियमची झाकणे तेवढी आम्ही मुले जमवत असू, त्यांचे गोळे करून भंगारवाल्याला देत असू.

मुंबईच्या स्थानकांवर मिळणाऱ्या आरेच्या ‘एनर्जी’ या सुगंधी दुधाची बाटली मी मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात दोनदा शोधली. दोन्ही वेळा दुकानदाराने मला सोड्याची गोटीबाटली दाखवली आणि ती अधिक चांगली असल्याचे पटवून देण्याचा प्रयत्न केला.

उत्तरा_म

पेणकरांच्या प्रतिसादाला जोडून इंग्लंडची हकीकत सांगते, कारण येथे हा व्यवहार अजून पूर्ण संपलेला नाही. आमच्या रस्त्यावर आठवड्यातून तीनदा दूधवाला येतो आणि ५६८ मिलिलिटरच्या पिंट बाटल्या ठेवून रिकाम्या घेऊन जातो. म्हणून येथील संग्राहकाला एक पेच पडतो. चालू डेअरीची बाटली ही डेअरीच्या मालकीची असते. ती विकायला काढणे औचित्याला धरून नाही, असे आमच्यातले बरेच जण मानतात. आम्ही जमवतो त्या बंद पडलेल्या डेअऱ्यांच्या, पुठ्ठ्याच्या चकतीसाठी रुंद तोंड असलेल्या जुन्या बाटल्या, आणि विशेषतः १९७० व १९८०च्या दशकांत बाटल्यांवर छापल्या गेलेल्या जाहिराती. न्याहारीचे पदार्थ, चहा, वर्तमानपत्रे, सगळ्यांनी दारातल्या बाटलीला फलक केले होते. तिकडे गावाचे नाव शोधतात, इकडे जाहिरातीची मालिका पूर्ण करण्याचा ध्यास असतो. साध्या जाहिरातीची बाटली येथे ३ ते ५ पौंडांना मिळते, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला हा छंद झेपतो.

झाकणांचा विषय निघालाच आहे, तर सांगते. येथे चंदेरी, सोनेरी, लाल असे झाकणाच्या रंगावरून दूध ओळखत, सोनेरी म्हणजे जर्सी-गर्न्सी गाईंचे सायदार दूध. ब्लू टिट नावाचे चिमणीहून लहान पक्षी हे झाकण चोचीने फाडून वरची साय खात, आणि साऊथहॅम्प्टनजवळच्या स्वेथलिंग येथे १९२१ साली नोंदला गेलेला हा उद्योग पुढे देशभर पसरला. पक्षी हे एकमेकांकडून शिकतात का, यावर शास्त्रज्ञांनी लेख लिहिले. घरोघरी मात्र बाटलीवर पालथा कप ठेवण्याची पद्धत पडली.

प्लेन्सबरोकर

सर्वांचे आभार मानून चार महिन्यांनंतरचा वृत्तान्त देतो, कारण सल्ला विचारून पुढे काय झाले ते न सांगणारे धागे मलाही आवडत नाहीत.

घाऊक देकार नाकारला. न्यू जर्सीच्या १७ गावांतल्या बाटल्या त्या त्या गावच्या इतिहास मंडळांना पत्र लिहून आधी दाखवल्या. बहुतेक मंडळांजवळ पैसे नव्हते, पण त्यांच्या सभासदांत संग्राहक होते, आणि ५३ बाटल्या अशा थेट हातात गेल्या. एक गृहस्थ आपल्या आजोबांच्या डेअरीची अर्ध्या पिंटची बाटली घ्यायला ८० वर्षांच्या आईला घेऊन आले. मी ४५ डॉलर मागितले होते. त्या बाईंनी बाटली हातात घेऊन तळ पाहिला आणि ही आमच्या शाळेत येणारी बाटली आहे, घरी देत असू ती निराळी, असे सांगितले. माझ्या वर्णनात ते लिहिलेले नव्हते.

ईबेवर ७४ बाटल्या विकल्या. त्यांतील दोन वाटेत फुटल्या आणि त्यात चूक माझी होती. बाटलीला बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे वेढे दिले होते, पण मानेची पोकळी भरली नव्हती आणि दोन बाटल्या एकाच खोक्यात घातल्या होत्या. माजघर यांना फोनवर विचारल्यावर त्यांनी सांगितलेली रीत अशी, की मानेभोवती आधी कागद गुंडाळून ती पोटाएवढी जाड करावी, मग संपूर्ण बाटलीला वेढे द्यावेत, ते पुडके एका घट्ट खोक्यात आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवावे, आणि हलवून पाहिल्यास आवाज येता कामा नये. त्यानंतर एकही फुटली नाही. टपालखर्च मात्र अनेकदा बाटलीच्या किमतीएवढा झाला, त्यामुळे १० डॉलरच्या खालची बाटली एकटी पाठवण्यात अर्थ नाही. अशा ३८ बाटल्या एका चर्चच्या विक्रीत डझनाच्या भावाने दिल्या.

एक लिलावघरही करून पाहिले, त्याचे नाव लिहीत नाही. त्यांना दिलेल्या ९ बाटल्यांचे वर्णन त्यांनी ‘उत्तम स्थिती’ असे एका ओळीत उरकले, तोंडावरच्या टवक्यांचा उल्लेख केला नाही, आणि तीन ग्राहकांनी माल परत केल्यावर परतीचा खर्च माझ्या हिशेबात लावला. त्या बाटल्या मी स्वतः पुन्हा विकल्या. टवका कोठे, किती मोठा, नखाला लागतो की नाही, हे लिहिले आणि छायाचित्र दिले. तिन्ही गेल्या, पहिल्यापेक्षा थोड्या कमी भावात.

एकूण २,९०० डॉलरच्या वर मिळाले. वेळेचा हिशेब केला तर व्यापाऱ्याचा देकार फार वाईट नव्हता, हे पत्नीने लक्षात आणून दिले आहे. वॉकर-गॉर्डनच्या ३ बाटल्या गावच्या मंडळाला तशाच दिल्या. त्या विकणे मला जमले नाही.

पेणकर, आपण आरेच्या बाटलीचे लिहिलेत तेव्हापासून मनात होते. डिसेंबरात मुंबईस येईन तेव्हा सोबत ‘विकू नये’ असे लिहिलेली एक पिंट आपल्यासाठी आणणार आहे, आणि अर्थातच तिचे पैसे घेणार नाही. तिच्या तोंडाला आतल्या बाजूने तांदळाएवढा टवका आहे आणि पोटावर घासल्याचा रुंद पट्टा आहे. छायाचित्र व्यक्तिगत निरोपातून पाठवले आहे. पाहून मगच हो म्हणावे.

पेणकर

पाहिले. त्या टवक्यासाठी मी १९७५ साली ही बाटली परत पाठवली असती. अवश्य आणा.